चार्ज देण्याची दहा मिनिटं

६ जानेवारी २०२५, सोमवार

आज पुन्हा! सकाळी सात वाजता, पाळी बदलताना, हायड्रोपाशी. रात्रपाळीचा इलाहीबक्ष आणि दिवसपाळीचा सिद्धलिंगप्पा. रंगवलेल्या ओल्या टॉवेलांतलं पाणी पिळून काढणारं ते मोठं फिरतं पिंप, आणि त्याच्या दोन बाजूंना हे दोघे — एकमेकांच्या अंगावर धावून जायचेच बाकी. डाईंगमधली चाळीस माणसं काम सोडून बघत उभी. फुकटचा तमाशा कोण सोडेल?

दहा वाजता शिवराजसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. मालकांचा मुलगा, माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान. "फेब्रुवारीत परदेशी गिऱ्हाईकाचे लोक कारखाना बघायला येणार आहेत. त्यांच्यासमोर हे चालणार नाही. महिन्यात मिटवा, नाहीतर दोघांपैकी एकाला घरी पाठवा. कुणाला ते तुम्ही ठरवा."

मी ठरवू? एकोणीस वर्षं ते दोघं त्या एका मशीनवर आहेत. मला इथं चार वर्षं झाली. एकालाही घालवायचं नाही. कामगार अधिकारी म्हणून पगार घेतो, तर एवढं जमायलाच हवं. पुण्याचं तीन दिवसांचं वाद-व्यवस्थापनाचं प्रशिक्षण उगाच नाही केलं. प्रमाणपत्र टेबलामागे लावलंय, येणारा-जाणारा वाचतो.

७ जानेवारी

दोघांना वेगवेगळं बोलावलं.

सिद्धलिंगप्पा अक्कलकोटकडचा, घरात कानडी. खुर्चीवर बसायला तयार नाही. "हापिसात त्यानं बोलायचं की साहेब. तो माझ्या आधी लागलाय हितं." इलाहीबक्ष बसला, टोपी काढून मांडीवर ठेवली. "साब, हापिस दिवसा उघडतं. मी सकाळी घरी जातो. बोलायचं अप्पानंच."

काय बोलायचं, ते मात्र दोघांचं एकच तुणतुणं — ब्रेक. हायड्रोचा ब्रेक नीट लागत नाही म्हणे. तो फिटरचा विषय. मी त्यात शिरलो नाही. प्रशिक्षणात सांगितलंच होतं, माणसं वरवरचा विषय पुढं करतात, खरं दुखणं आत असतं.

नोंद केली: मूळ कारण — अहंकार, मानापमान.

१० जानेवारी

एकत्र बैठक. चहा मागवला, बिस्किटं मागवली. दोघांना सांगितलं, दुसऱ्यावर आरोप करायचा नाही, प्रत्येक वाक्य 'मी'पासून सुरू करायचं.

सिद्धलिंगप्पानं बराच विचार केला. मग म्हणाला, "मी म्हणतो, ह्यो गाढव हाय."

इलाहीबक्षला हसू आलं. मलाही आलं असतं, पण मी गंभीर राहिलो. नंतर पुन्हा तेच — तू सांग, तूच सांग, ब्रेक, ब्रेक. अर्धा तास वाया. बिस्किटं सगळी संपली तेवढी.

१६ जानेवारी

गड्ड्याच्या जत्रेची सुट्टी संपवून माणसं परत आली आणि पहिल्याच सकाळी ठिणगी. आज तर सिद्धलिंगप्पानं रागानं हातातला टॉवेल फेकला.

आज मला एक गोष्ट लख्ख दिसली. हे दोघं दिवसभरात भेटतात किती? दहा मिनिटं! इथं जुनी पद्धत आहे. जाणारा माणूस येणाऱ्याच्या हातात मशीन देतो. टॉवेलांचा एक घाणा दोघं मिळून काढतात, मग जुना जातो. त्याला चार्ज देणं म्हणतात. भांडण होतं ते याच दहा मिनिटांत. ती दहा मिनिटंच काढून टाकली तर?

उद्यापासून इलाहीबक्ष पावणेसातला सुटेल. सिद्धलिंगप्पा सातला येईल. मधला निरोप रजिस्टरमध्ये. शिवराजसाहेब म्हणाले, "हे आधी का नाही सुचलं?" मलाही तेच वाटलं.

१७ जानेवारी

शांतता. डाईंगमध्ये प्रथमच पाण्याचा आवाज ऐकला.

२२ जानेवारी

रजिस्टरमध्ये भांडायला लागले! लॉट नंबर, रंग, वजन एवढंच लिहायचं, तर शेवटच्या 'शेरा' रकान्यात इलाहीबक्षनं लिहिलंय, "ब्रेक घसरतो, अजून सांगितलं नाहीस का." खाली सिद्धलिंगप्पाचं, "तुला तोंड नाही का." पुढच्या पानावर आणखी. हे गिऱ्हाईकाच्या लोकांनी वाचलं तर?

शेऱ्याचा रकानाच काढला. नवं रजिस्टर छापायला दिलं. तक्रारीला जागाच ठेवली नाही की तक्रार कुठं करणार?

फिटरला एकदा विचारायला हवं, असं मनात आलं होतं. राहून गेलं.

२९ जानेवारी

गेटवरचा महिपती सांगत आला, "साहेब, ती दोगं रोज सकाळी समोरच्या चहाच्या गाड्यावर भेटत्यात. भांडत्यात लई. इलाहीबक्ष बोटं नाचवून कायतरी मोजून दावतोय, आणि अप्पा मान हलवतोय. आणि चहा, साहेब, एकच. निम्मा-निम्मा."

म्हणजे मी आत आग विझवली, तर बाहेर पेटवून बसले. कुणी गिऱ्हाईकाचा माणूस गेटवर आला आणि हे दिसलं तर माझी अब्रू जाईल.

रात्रपाळीच्या माणसांना घरी सोडणारी गाडी सोमवारपासून मागच्या गेटातून सुटेल. पावणेसातला भरली की थेट शहरात.

५ फेब्रुवारी

तीन दिवस दोघांची दृष्टिभेटही नाही. शिवराजसाहेबांनी खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, सगळं नीट लिहून काढा, गिऱ्हाईकाला दाखवू. अकरा पानी अहवाल लिहिला. 'उभय कामगारांमधील दीर्घकालीन वैयक्तिक आकस' हे वाक्य मला फार आवडलं. घरी अंकिताला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आकस असलेली माणसं एक चहा निम्मा-निम्मा पितात होय?"

बायकोला प्रशिक्षण नाही, म्हणून सोडून दिलं.

१२ फेब्रुवारी

सात वाजून वीस मिनिटांनी. सिद्धलिंगप्पाचा उजवा हात. कोपराच्या वर.

मी साडेआठला पोचलो तेव्हा त्याला नेलं होतं. फरशी धुतली होती. ओल्या टॉवेलांचा ढीग तसाच पडलेला, कुणी हात लावत नव्हतं.

मशीन बंद केल्यावरही पिंप फिरत होतं, ब्रेक अजिबात लागला नाही. सकाळी तिथं वाफ अशी असते की फिरणारं पिंप थांबलेलंच वाटतं. पूर्वी पिंप थांबेपर्यंत झाकण उघडायचंच नाही. मशीनमधली ती सोय काम लवकर व्हावं म्हणून कधीतरी काढून टाकली. सगळ्यांना माहीत होतं. मला आज कळलं.

महिपती गेटवर रडत होता. कामगारांचे मोबाईल कामावर जाताना त्याच्याकडच्या डब्यात ठेवतात. सिद्धलिंगप्पाचा मोबाईल डब्यात सारखा वाजत होता. नियम म्हणून त्यानं उचलला नाही. सात मिस्ड कॉल. सगळे इलाहीबक्षचे, गाडीतून.

तो नियमही मीच काढलेला.

१३ फेब्रुवारी

काही लिहावंसं वाटत नाही.

१५ फेब्रुवारी

दवाखान्यात गेलो. बाहेर बाकावर त्याची बायको निंगव्वा. तिनं मला ओळखलं नाही. मी सांगितलंही नाही, सरळ आत गेलो.

सिद्धलिंगप्पा शुद्धीवर होता. पहिला प्रश्न, "इलाही बरा हाय का? जेवतोय का न्हाय?" मग आपणहून सांगायला लागला. ते मी जसंच्या तसं लिहून ठेवतो, नाहीतर उद्या माझं मीच बदलीन.

"ब्रेक खराब झाल्यापासनं आमी मोजायचो, साहेब. मशीन बंद केलं की आकडे मोजायचे, मगच झाकण. रोज आकडा वाढायचा. रात्री किती लागलं ते इलाही सकाळी सांगायचा. आज साठ मोज अप्पा, आज ऐंशी मोज. तुमी वेळ बदलली तर चहाच्या गाड्यावर सांगायचा. मग गाडी मागनं सुटाय लागली. फोनवर गाठ पडंना, मी कामावर तवा माझा मोबाईल डब्यात, मी सुटतो तवा त्यो झोपलेला. त्यानं शेवटचा सांगितलेला आकडा नव्वद. म्हणून मी शंभर मोजलं. धा जास्तीच मोजलं की."

आदल्या रात्री किती लागत होतं, मी विचारलं. त्याला माहीत नव्हतं. परत येताना इलाहीबक्षला फोन केला. तो म्हणाला, दोनशे चाळीस.

म्हणजे ते भांडत होते ते याच्यासाठी. ऑफिसात जाऊन कुणी सांगायचं, यासाठी. दोघांनाही भीती की जो सांगेल तो काम थांबवणारा ठरेल. आणि सांगायला बसले तेव्हा समोर मी होतो, चहा-बिस्किटं घेऊन. दोघांनीही सांगितलं. दोघांनीही. मी लिहिलं अहंकार.

मला स्वतःची किळस येते.

१७ फेब्रुवारी

शिवराजसाहेबांनी तो अकरा पानी अहवाल कारखाना निरीक्षकांसाठी काढायला लावलाय. गुरुवारी चौकशी. म्हणाले, "तुम्हीच लिहिलंय की, दोघांत आकस होता. रात्रपाळीवाल्यानं मुद्दाम सांगितलं नाही. सरळ आहे." मी म्हणालो, साहेब, त्यानं सात वेळा फोन केला. ते म्हणाले, "ते तुम्हाला कुणी विचारलंय का?"

मग आवाज खाली आणून, "रकाना कुणी काढला? गाडी मागनं कुणी सोडली? मोबाईलचा नियम कुणाचा? सगळ्यावर सही तुमची आहे, दिग्विजय. मी तुम्हालाच वाचवतोय."

घरी येऊन जेवलो नाही.

१९ फेब्रुवारी

शिवजयंतीची सुट्टी. रस्त्यावर मिरवणुकांचे ढोल. दुपारी दारात इलाहीबक्षची बायको अनवरी. चेहरा उतरलेला. आत यायला तयार नाही, अंकितानं हात धरून आणलं.

काल इलाहीबक्षला ऑफिसात बोलावून जबाबावर सही घेतली. 'जुन्या रागापोटी मी अप्पाला मुद्दाम सांगितलं नाही,' असा जबाब. त्याला सांगितलं होतं की अप्पानं फिरत्या पिंपात आपणहून हात घातला असं ठरलं, तर चूक अप्पाची. मग दवाखाना नाही, भरपाई नाही, कामही नाही. चूक दुसऱ्याची निघाली तर कंपनी अप्पाला सांभाळेल.

"साब, मी ह्यांना म्हणलं, पोलीस नेतील तुमाला. तर बोलले, अप्पाचा हात गेला, आता त्याची रोटी जाऊ नये. साब, तुमी शिकलेले. हे असंच असतं का? अप्पाला खरंच कायबी मिळालं नसतं?"

नसतं असं. साफ खोटं आहे ते! ब्रेक खराब, झाकणाची सोय काढलेली, अशा मशीनवर माणूस जखमी झाला तर भरपाई कंपनीलाच द्यावी लागते. हा कायदा मी परीक्षेसाठी पाठ केलेला. सगळ्या कारखान्यात तो माहीत असलेला माणूस मी एकटा.

मी तिला म्हणालो, उद्या मी निरीक्षकांना सगळं सांगतो.  ती पाणी प्यायली आणि गेली.

अंकिता म्हणाली, "नोकरी जाईल." मी म्हणालो, जाऊ दे. ती म्हणाली, "मग माढ्याला जाऊ आईंकडं. काहीतरी करू." तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही. लग्नाला नऊ वर्षं झाली, पण ही बाई मला आज दिसली.

काय काय सांगायचं ते कागदावर लिहिलंय. ७ जानेवारीला दोघांनी ब्रेकचं सांगितलं. १० ला सांगितलं. रजिस्टरात लिहिलं. दहा मिनिटं मी काढली, रकाना मी काढला, गाडी मी वळवली. सात मिस्ड कॉल, महिपती साक्षीदार. तीनदा मोठ्यानं वाचून पाहिलं. बरं वाटतंय. आठवड्यात पहिल्यांदा भूक लागली.

२० फेब्रुवारी

अकरा वाजता चौकशी. कागद खिशात होता. इलाहीबक्षचा जबाब वाचून झाला. निरीक्षकांनी मला विचारलं, हे असंच घडलं का?

मी हो म्हणालो.