ईश्वरसाक्ष

१२ ऑगस्ट २०२४, सोमवार

सात महिने वहीला हात लावला नाही. चूक माझी. लिहायला बसलो की स्वतःचीच उलटतपासणी सुरू होते, म्हणून टाळत गेलो.

उद्या कोर्टात साक्ष. गेल्या वर्षी मार्चमध्ये मिहानच्या रस्त्यावर टिप्परने गोलूला उडवलं, तेव्हा मी एकटाच थांबलो होतो. चोवीस वर्षांचा पोरगा. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत डोकं माझ्या मांडीवर. ती आली तेव्हा तो गेलेला होता. त्याची आई तुळसाबाई तेव्हापासून मला भाऊ म्हणतात. पारशिवनीकडून येतील उद्या, पहिल्या बसने.

१३ ऑगस्ट

साक्ष झाली. नंबर, वेग, सगळं नीट सांगितलं. त्याआधी कारकून म्हणाला, "म्हणा, ईश्वरसाक्ष शपथ घेतो की —" मी म्हटलं, देव मानत नाही, प्रतिज्ञा करतो. कायद्यात सोय आहे. न्यायाधीशांनी मानही वर केली नाही.

बाहेर तुळसाबाई — "देवाले नाही मानत तुमी?"

"नाही."

"मंग भेता कोनाले?"

निघताना मला साहेब म्हणाल्या.

घरी बायको, शामला — "सत्यनारायणाचा शिरा दोनदा मागून घेता, तेव्हा नाही आडवं येत तुमचं तत्त्व?" साक्षीची सुरुवात खोट्याने करायची नव्हती, हे खरं. पण भरल्या कोर्टात वेगळं दिसायचं होतं का मला? थोडं असेलही.

१९ ऑगस्ट

राखी. मागच्या वर्षी तुळसाबाई येऊन बांधून गेल्या होत्या. आज नाही.

२५ ऑगस्ट, रविवार

मीच गेलो त्यांच्या गावी. खाट टाकली, पाणी दिलं. मग — "शेवटाले तुमीच होते त्याच्याजवळ. रामाचं नाव घेतलं का कानात? का तसाच गेला माहा गोलू?"

घेतलं होतं. त्यानेच मागितलं — "काका, राम म्हणा ना." म्हटलं. "जोरानं म्हणा, ऐकू येऊन नाही राहिलं." मग भर रस्त्यात बसून मी ओरडत होतो, राम राम. दीड वर्ष कुणालाच सांगितलं नाही, शामलालाही नाही. लाज वाटत होती. नास्तिकाची लाज!

आज सांगितलं.

"मले बरं वाटावं म्हणून बोलून राहिले साहेब तुमी. ज्याले देवच नाही, तो नाव कुठून आनन?"

कोर्टात माझं प्रत्येक वाक्य लिहून घेतलं. इथे एकच होतं, तेही खरं धरलं नाही. तेव्हाच सांगितलं असतं तर? तेव्हा मी त्यांचा भाऊ होतो.

१८ सप्टेंबर

पितृपक्ष लागला. तुळसाबाईंचे भाऊ गोपाळराव यांचा फोन. ताई धड जेवत नाही, पोराचा आत्मा अडकला म्हणते. "रामटेकले या, गडावर रामापुढं शपथ घेऊन सांगा. देवापुढं खोटं बोलल्यावर जीभ झडते — मानणाऱ्याची बी, न मानणाऱ्याची बी. तिले तेवढं पुरन."

विचार करतो म्हटलं.

"याच्यात काय विचार करता गा?"

२० सप्टेंबर

नाही म्हणून कळवलं. घडलं ते खरं आहे. ते सांगायला खोटी शपथ घेणार नाही.

गोपाळरावांनी ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

१ ऑक्टोबर, मंगळवार

गोपाळरावांचा पुन्हा फोन. तुळसाबाईंनी कालपासून पाणीही घेतलेलं नाही. उद्या सर्वपित्री. त्यांना गडावर घेऊन या म्हटलं.

पहाटे आंघोळ करून सहाची रामटेकची बस धरायची.