नवमीचं तेल

१४ ऑक्टो. ८३, अष्टमी
जीप आज उभी केली. दादा कुरकुरला. नवरात्रात वणीची फेरी चुकवायची म्हणजे त्याच्या जिवावर येतं. मागच्या डाव्या चाकाला आतून ओल होती. ड्रम काढला तर सगळं चिकट, लायनर भिजलेले. व्हील सिलेंडर गेलाय, त्यातून ब्रेक ऑइल गळतंय. दादा म्हणतो, "त्या चाकाची नळी चेपून बंद कर ना. बाकीची तीन आहेत की." वा! गडाचा घाट तीन चाकांच्या ब्रेकवर उतरायचा आणि माणसांना सांगायचं, देवी आहे. नाही ऐकलं. नवा सिलेंडर, आत नव्या रबरी वाट्या, नवे लायनर.

ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायला पेडलवर दादा, चाकाखाली मी. दाब. धर. सोड. एवढ्या तीन शब्दांपुरते आम्ही भाऊ भाऊ असतो. मग तो जीपवाला आणि मी त्याचा मिस्त्री. अण्णांनी टांगा-घोडा विकून जीप दोघांसाठी घेतली होती, हे त्याला फक्त भांडताना आठवतं.

काम मात्र झकास झालं. पेडल पहिल्याच दाबाला टणक.

१५ ऑक्टो., खंडेनवमी
पाने, जॅक, हातोडे धुऊन पाटावर मांडले. आज त्यांना हात लावायचा नाही, हा अण्णांचा दंडक. टांगा होता तेव्हा नवमीला चाबूक पूजेत असायचा आणि घोडा दिवसभर चंदी खात उभा. जीपलाही ते घोड्यासारखंच थोपटतात. मला हसू येतं, पण आवडतंही.

पाटाची मांडणी करून सुमनला घेऊन तिच्या माहेरी गेलो. पूजा अण्णा-दादांनी केली. परतलो तर बॉनेटवर झेंडूची माळ आणि अण्णांच्या चेहऱ्यावर लग्न लावून आल्यासारखं समाधान.

१९ ऑक्टो.
दादा म्हणाला ब्रेक चिकटतो, पाय काढला तरी सुटत नाही. नवे लायनर बसेपर्यंत थोडं होतं तसं. पण चारही चाकं धरतात म्हणे, आणि मी तर मागच्या एकाच चाकाचं काम केलंय. म्हटलं, आत्ता सोड गाडी, उघडून बघतो. "कोजागरी होऊ दे रे. माणसं येऊन बसलीत." म्हटलं, बसू देत. तो गेलासुद्धा.

२२ ऑक्टो.
काल गडावरून उतरताना ब्रेक गेला. पेडल आधी दगड, मग एकदम तळाला. दादानं गाडी डोंगराच्या अंगाला घातली, म्हणून दरी चुकली. माणसं खरचटण्यावर निभावली. वहिनी पुढं बसली होती. तिचा उजवा हात कोपरात मोडला.

दवाखान्यात गेलो. तिनं तोंड भिंतीकडं केलं. "भाऊजी, मी तुमच्या भरवशावर बसले होते."

बाहेर दादा आख्ख्या आळीला सांगत होता, "परवाच मधूनं ब्रेक केले होते." माझ्यासमोर. मी दारात उभा आहे हे दिसत असताना.

२५ ऑक्टो.
जीप ओढून आणली. दादाला म्हटलं, समोर उभा राहा, तुझ्या डोळ्यांदेखत उघडतो. आला नाही.

ड्रम तापून निळे पडलेत. सिलेंडर उघडले तर रबरी वाट्या फुगून मऊ, भिजवलेल्या पावट्यासारख्या. मी बसवलेल्या नव्याही आणि पुढच्या चाकातल्या जुन्याही. ड्रायव्हरच्या पायाखाली ब्रेक ऑइलची टाकी असते, तिच्यात तवंग. कुणीतरी आत तेल ओतलंय. ब्रेक ऑइलला नुसतं म्हणायचं ऑइल. त्यात खरं तेल पडलं की रबर फुगतं, ब्रेक धरून बसतो, तापतो आणि मग सोडून जातो. भाजीबाजारातल्या टेम्पोवाल्यांना हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं.

दादानंच ओतलं असणार, वाटेत कमी दिसलं म्हणून, आणि नाव माझं. हरामखोर. लिहिलंय, खोडणार नाही.

२७ ऑक्टो.
खोडायला हवं.

सकाळी अण्णा गॅरेजच्या पायरीवर येऊन बसले. जीपच्या चेपलेल्या मडगार्डवरून हात फिरवत म्हणाले, "नवमीला मी तेल पाजलं हिला, म्हणून आईनं राखलं रे पोरांना."

कुठं पाजलं, अण्णा?

"पायाखाली झाकण हाय ना, तिथं. तूच ओततो की ऑइल. म्या म्हनलं, आज देवाचं जाऊ दे. समईतलं घातलं, वाटीभर."

टांग्याच्या आसाला दर नवमीला ते समईतलं तेल घालायचे. त्याशिवाय टांगा रस्त्यावर काढत नसत. चाक तेच, नवमी तीच, आणि घालतात त्याला ऑइलच म्हणतात. त्यांचं काय चुकलं? सांगावं म्हणून तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "हो अण्णा. देवीच पावली."

एक कळत नाही. ते झाकण मीच आवळलेलं, पान्याशिवाय निघायचं नाही. अण्णांच्या हाताला आता बरणीचं झाकण निघत नाही. आणि पाने तर त्या दिवशी पूजेत.

१२ नोव्हें.
भाजीबाजारातल्या रघूनं टेम्पो दुसरीकडं नेला. "रागवू नको मधूभाऊ, पण घाटातलं काम आहे." घाटातलं! याच्या टेम्पोनं आयुष्यात ओझरच्या पुढं तोंड काढलेलं नाही. त्याच्यामागून आणखी दोघे गेले. दिवसभर पंक्चर काढत बसलो.

सुमन म्हणते, सांगून टाका. म्हटलं, काय सांगू? अण्णा, तुमच्या देवाच्या तेलानं सुनेचा हात मोडला? आपलेच दात, आपलेच ओठ. ती तडकली, "आणि माझा नवरा? तो कुणाचा कोण?" बाहेर येऊन विडी ओढली, दोन महिन्यांपूर्वी सोडलेली.

८ जाने. ८४
वहिनीचं प्लास्टर निघालं. कोपर सरळ होत नाही. भाकरी थापायला बसली, अर्धी थापली आणि पीठ तसंच ठेवून उठली. सुमन पुढं झाली तर म्हणाली, "राहू दे. तुम्ही तुमचं बघा." या बाईनं मला लग्नाआधी पाच वर्षं गरम भाकरी वाढली आहे. आता चूल वेगळी झाली. चूल म्हणजे स्टोव्ह, पण वेगळा.

२ फेब्रु.
जीपचं काम संपवलं. चारही सिलेंडर नवे, मास्टर सिलेंडर नवा, नळ्या धुऊन काढल्या. हवा काढायला माणूस हवा. दादाला निरोप धाडला, वेळ नाही म्हणाला. शेवटी अण्णा पेडलवर चढले. दाब. धर. म्हाताऱ्याचा पाय थरथरत होता, पण सोड म्हणेपर्यंत सोडला नाही. मी चाकाखाली होतो ते बरं झालं, तोंड पुसायला फडकं हाताशी होतं.

संध्याकाळी दादा आला. बसला, गाडी काढली आणि घाटावर नेण्याआधी सरळ दुसऱ्या मिस्त्रीकडं नेली, तपासून घ्यायला. आमच्याच आळीतून, सगळ्यांच्या समोरून. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय.

२० जून
अंबडला एका कारखान्यात मेंटेनन्समध्ये जागा आहे. सुमन मागं लागलीय. गॅरेज बंद केलं तर लोक म्हणतील, बघा, खरंच होतं. उघडं ठेवलं तर येतं कोण? अण्णा रोज पायरीवर बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "माझा पोरगा लय चांगला मिस्त्री हाय, चूक व्हायचीच मानसाकडून." मी ऐकतो. चूक व्हायचीच.

३ ऑक्टो. ८४, खंडेनवमी
या वर्षी माहेरी-बिहेरी गेलो नाही. सकाळपासून जीपजवळ उभा. पाने पाटावर, नारळ फुटला, वहिनीनं डाव्या हातानं ओवाळलं. मग अण्णा आतून आले. हातात समईच्या तेलाची वाटी.

मी पुढं होणार, तेवढ्यात दादा म्हणाला, "अण्णा, यंदा तेल राहू द्या."

मी त्याच्याकडं बघितलं. त्यानं बघितलं नाही.

"का रं?" अण्णा म्हणाले. "गेल्या साली तूच तर पाटावरचा पाना उचलून झाकन खोलून दिलं. देवाचं हाय, चमचाभरानं काय व्हतं, म्हनला."

म्हणजे याला माहीत होतं. दवाखान्याच्या दारात आळी गोळा केली होती तेव्हाही माहीत होतं.

वहिनीनं ताम्हन खाली ठेवलं. "भाऊजी, तेल घातलं की काय होतं हो गाडीला?"

वर्षात पहिल्यांदा भाऊजी म्हणाली. अण्णा वाटी धरून माझ्याकडं बघत होते. त्यांनाही ऐकायचं होतं. दादाचा रंग उडालेला. एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य मी वर्षभर जिभेवर घेऊन झोपलो आहे.

"दादाला विचारा," म्हटलं. अण्णांच्या हातातून वाटी घेतली. "अण्णा, यंदा दारांच्या बिजागऱ्यांना घालू. लय कुरकुरतात." ते खूश झाले. स्वतः बोटानं लावत बसले, एकेका बिजागरीला, टांग्याच्या दिवसांचं काही पुटपुटत.

दादा आणि वहिनी आत गेले ते गेलेच. दार लोटलेलं. आधी तिचा आवाज येत होता, मग तोही थांबला.

आत्ता लिहितो आहे तर तिची हाक आली. "भाऊजी, पान वाढलंय." सुमन दारात उभी, माझ्याकडं बघते. अण्णा केव्हाच जाऊन पाटावर बसलेत, माझी वाट बघत. दादाचा पाट माझ्या शेजारी मांडलेला असणार, दरवर्षी असतो.

पुन्हा हाक आली. मी अजून उठलेलो नाही.