वेदीचं पांढरं वस्त्र

दादा,

फादरांचा फोन आला, म्हणून चर्चमध्ये पळतेय. बाबांनी उपवासकाळाचं जांभळं वस्त्र काढून वेदीला ईस्टरचं पांढरं घातलंय. ईस्टरला अजून दहा दिवस आहेत! फादर म्हणतात, वय झालं. डोंबलाचं वय! चाळीस वर्षं वेदी सजवणारा माणूस झोपेतही रंग चुकणार नाही. आई ईस्टर बघेल असं वाटत नाही, हे डॉक्टर काल आपल्याला सांगत होते ना, तेव्हा बाबा दाराबाहेरच उभे होते.

कुकर तिसऱ्या शिट्टीला बंद कर. आईचा डबा दवाखान्यात तू ने. बाबांना काही बोलू नकोस. जांभळं मी परत घालीन, पण सावकाश. तू आधी पोच आणि आईला सांग, वेदी पांढरी झालीय.