डबी

बदलापूर, मार्गशीर्ष १९५४

प्रिय विठाताई,

अंबरनाथ इथून हाकेवर, तरी दोन वर्षं झाली, तुम्ही या घराची पायरी चढला नाहीत. आणि तेही माझ्यापायी. मी आता बरी आहे. श्रावणात घरचं सगळं दळण एकटीनं दळलं, धाप लागली नाही.

आठवतं ना, कशी पांढरीफटक पडले होते? पाय सुजायचे, चार पावलं चालले की बसावं लागायचं. डॉक्टर ताकदीचं औषध द्यायचे. बाटली संपेतो बरं, मग पुन्हा तेच. कुणी क्षय म्हणालं, तेव्हा माझं ताट वेगळं झालं. कुणी बाहेरची बाधा म्हणालं. भिंतीची माती खाताना सासूबाईंनी धरलं आणि मी वेडी ठरले. पोटात राहिलेलं गेलं. मग मला भावाकडे कायमची धाडायचं ठरलं. तुमचे दादा मान खाली घालून बसले होते.

तेव्हा नणंद असून तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात. देवळात नेते म्हणून निर्वासितांच्या कॅम्पात एका सिंधी डॉक्टरांकडे नेलंत. त्यांनी आधी पायच बघितले. “खेत में चप्पल पहनती हो?” मला हसू आलं. चिखलात चप्पल कोण घालतं! मग त्यांनी शौच तपासायला मागितलं. मी लाजेनं मेले. डबी तुम्ही हातात धरून नेलीत. जंतांची अंडी निघाली. उघड्यावरच्या घाणीतून मातीत, मातीतून अनवाणी पायात, शेवटी आतड्याला चिकटून रक्त पितात म्हणे. “सब टॉनिक डालते रहे, छेद किसी ने देखा नहीं,” डॉक्टर म्हणाले.

खोटं उघडं पडलं आणि तुमच्या आईंनी तुम्हाला दार बंद केलं. तरी माझं औषध तुम्ही स्टेशनवर आणून देत राहिलात. त्यानं मी सावरले आणि भावाकडे जाणं टळलं.

यंदा उन्हाळ्यात सासूबाईंनाच धाप लागू लागली. मी त्यांच्यापुढं डबी ठेवली. फार बोलल्या, पण दिली. त्यांनाही तेच निघालं. आता परसात खड्ड्याचा संडास आहे, आणि त्या चपलेशिवाय तिकडं कुणाला जाऊ देत नाहीत.

ताई, सोमवारी मला मुलगी झाली. गुटगुटीत आहे. मला आई नाही, म्हणून बाळंतपण सासूबाईंनीच केलं. आज सकाळी तिला न्हाऊ घालताना त्या म्हणाल्या, “बारशाला नाव आत्यानं ठेवायचं असतं. लिही विठाला.” मग बराच वेळ पोरीचं अंग पुसत राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, “म्हणावं, आईनं बोलावलंय.”

तुमचीच,
अंजनी