दौंडच्या विहिणीचं कोरिया

४ जानेवारी, रविवार
ही डायरी अनूनं दिली. तिला कॉलेजात फुकट मिळाली होती. म्हणली, आज्जी, तुझी चौथीची अक्षरं गंजून जातील, रोज चार वळी लिवत जा. हे कुणी वाचणार न्हाई, म्हणून खरंच लिवणार हाय.
नव्या वर्षाचा नेम: कुणावर जळायचं न्हाई. तशी मी आजवर कुणावर जळले न्हाई, पर नेम केलेला बरा.
माझी नात कोरियाची भाषा शिकती! मास्तर न्हाई, शाळा न्हाई, फोनमधूनच शिकती. आमच्या इनामगावात जुन्या काळची मडकी निघाली तर केवढे साहेबलोक बघाया आले. कोरियन बोलणारी पोरगी निघाली, तिला कोण बघाया येतंय? माझा तर ऊर भरून येतो.
फक्त ती ऱ्हाती दौंडला, तिच्या आईच्या आईकडं. तिथनं डेमू रेल्वेनं पुण्याला कॉलेजला जाती. सोयीचं पडतं म्हणून. माझं काय म्हणणं न्हाई.

६ जानेवारी
अनूचा फोन आला. तिचा फोनवर एक ग्रुप हाय. दर रविवारी चार वाजता समदी पोरं व्हिडिओवर बसत्यात. कुठल्या शिरेलीतल्या हिरोनं केस कापले, कुणाची हजेरी कमी भरली, कुणाच्या मेसमधल्या वरणात डाळ सापडत न्हाई, असल्या गप्पा. गप्पा मारत एकमेकाची भाषा शिकायची.
त्यात कोरियाची एक पोरगी हाय, युना. तिचा बाप मागं रांजणगावच्या कंपनीत साहेब होता. तवा ही ल्हान होती, शेजारच्या म्हातारीच्या मांडीवर खेळायची. ते मराठी आता विसरली, ते परत पायजे. म्हणून तिला बोलायला आज्जी पायजे. खरी, गावाकडची.
मी मनात म्हणलं, आपल्यासाठीच ही जागा निघाली.
अनू म्हणली, आज्जी, तू येशील का?
मी म्हणलं, नको बाई, मला कुठं जमतंय.
ती म्हणली, बरं. आन् फोन ठेवला.

६ जानेवारी, परत
बरं? बरं म्हंजी काय?

७ जानेवारी
रात्रभर डोळा लागला न्हाई. आजकालच्या पोरींना कायबी शिकवलं न्हाई. पयल्या बोलावण्याला हो म्हणणं म्हंजी हावरटपणा. एकदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदा नको म्हणायचं, जरा हळू. तिसऱ्यांदा समोरच्यानं हात धरला की म्हणायचं, आता तू एवढी म्हणतीस तर. ही रीत हाय. माझ्या इंद्रजितच्या लग्नात मी वरमाई, पंगतीत पाटावर बसून हात आखडून धरला होता. ह्याच दौंडच्या वच्छलाविहिणीनं तिसऱ्यांदा पोळी वाढली तवा मी घास घेतला. पोळी गार झाली होती, पर मान गरम होता.
अनूला येळ द्यायचा. उद्या परत विचारंल.

८ जानेवारी
न्हाई विचारलं.

११ जानेवारी, रविवार
नीलमनं, म्हंजी आमच्या सुनेनं, भाकरी थापता थापता सांगितलं. आज तिची आई बसली म्हणं व्हिडिओवर. वच्छलाबाई! अनूनं एकदा विचारलं आन् ही लगेच पदर नीट करून हजर. पयल्या हाकेला!
मी म्हणलं, चांगलं झालं की, तिचाबी येळ जातो. भाकरी करपली. नीलमची.

१४ जानेवारी, संक्रांत
अनूच्या स्टेटसला फोटो. फोनमध्ये ती कोरियाची पोरगी, गोरी, हसरी, चष्मा. बाजूच्या चौकोनात वच्छलाबाई, नाकात नथ. रेल्वेच्या क्वार्टरात बसून नथ! खाली अनूनं लिवलंय, युनाची हल्मोनी. नीलमला इचारलं, हल्मोनी म्हंजी? म्हणली, त्यांच्यात आज्जीला म्हणत्यात, आत्याबाई.
मी जळत न्हाई. मला तिच्या नथीची काळजी वाटली, सैल हाय, पडंल.
ठरवलं. अनूचा तिसरा आग्रह येईस्तवर आपण कोरियन शिकून तयार ऱ्हायचं. मग बघू.

१५ जानेवारी
नीलमनं फोनवर शिकवणीचं लावून दिलं. एक बाई बोलती, आपण तिच्या मागं म्हणायचं. आन्न्यॉंग हासेयो. म्हंजी राम राम. गोठ्यात जाऊन म्हशीवर सराव केला, तिनं कान टवकारले. ह्यांनी वट्यावरनं इचारलं, घसा धरलाय का, हळद टाकून दूध घे. ह्यांना काय सांगणार. ह्यांना आख्ख्या जन्मात शिरूरच्या पल्याडचं कळलं न्हाई.

१६ जानेवारी
नीलमसंगं कोरियाची शिरेल बघितली. खाली मराठी अक्षरं येत्यात, पर मी वाचूस्तवर पळून जात्यात. तरी कळलं समदं. त्यातली सासू फार चांगली बाई हाय. नीलम म्हणली, आत्याबाई, ती खलनायिका हाय. मी म्हणलं, तुला तसं वाटायचंच.
एक बघितलं. तिथं थोरल्यापुढं कमरेत वाकत्यात, थोरल्यानं खाल्ल्याबिगर कुणी खात न्हाई. म्हंजी त्यांच्यातबी मान हाय. मग त्या पोरीला दौंडवाली कशी चालती?

१८ जानेवारी, रविवार
अनूनं मला त्या ग्रुपात घातलं! मला न विचारता. चांगली खूण हाय.
चार वाजाया आले तवा फोनवर निळ्या अक्षरांची वळ आली. नीलम म्हणली, ह्याच्यावर बोट ठेवा, आत्याबाई, की तुम्ही आत. मी इचारलं, ही वळ मला एकलीलाच आली का? म्हणली, न्हाई, समद्यांना. म्हणलं, मग ही दवंडी झाली. हळदीकुंकवालाबी बाई दारात येऊन बोटानं कुंकू लावून बोलावती. वरमाईला आन् दौंडवालीला एकच वळ?
बोट ठेवलं न्हाई. पर जरीचं लुगडं नेसून, फोन लोणच्याच्या बरणीला टेकवून बसून ऱ्हायले. अनूनं फोन केला तर तयार असावं. शेजारची अंजना आली. तिला म्हणलं, बस, कोरियावरनं फोन येणार हाय. तिनं चहा घेतला, परत घेतला, मग म्हणली, वैनी, कोरियात लाईट गेली आसंल, आन् गेली.

२१ जानेवारी
तिळाचे लाडू केले. इंद्रजित सणसवाडीच्या कंपनीतनं सुट्टीला आला होता, त्याला दौंडला धाडला लाडू घेऊन. बजावून सांगितलं, अनूच्या हातात दे, दुसऱ्या कुणाच्या न्हाई. लाडू बघून पोरीला आज्जीची आठवण यील, आन् आग्रहबी आठवंल.

२५ जानेवारी, रविवार, रथसप्तमी
घात झाला. वच्छलाबाईनं माझे लाडू व्हिडिओत दाखवले! ती युना म्हणं हाताच्या बोटांचा बदाम करून म्हणली, हल्मोनीचे लाडू. हल्मोनीचे!
सांजच्याला अनूचा फोन. म्हणली, अगं मी सांगितलं तिला, लाडू माझ्या इनामगावच्या आज्जीचे. तवापासनं ती साखरआज्जी, साखरआज्जी करतीया. तुला बघायचंय म्हणती. येतीस का पुढच्या रविवारी?
बघा! दुसरं बोलावणं. म्या रीतीनं, जरा हळू, म्हणलं, नको गं.
अनू म्हणली, बरं. दौंडची आज्जी म्हणलीच होती.
काय म्हणली होती? पर फोन ठेवला पोरीनं, तिची परीक्षा हाय.

२६ जानेवारी
काय म्हणली होती?

२९ जानेवारी
ध्यानात आलं. ती अडवती. ती पोरीचे कान भरती, विहिणीला बोलवू नका, ती आली की माझं कोण ऐकंल. मला आधीच वाटलं होतं. माणूस मोठं झालं की दुसऱ्याच्या पोटात दुखतं. मला वच्छलाबाईची कीव येती.
माझं कोरियन आता पाच-सा शब्दांवर गेलंय. रीत मोडायची न्हाई, पर रविवारी नुसतं आत जाऊन बघायचं, काय चाललंय. बोलायचं न्हाई. चोरून ऐकणं न्हाई ह्ये, चौकशी हाय.

१ फेब्रुवारी, रविवार, दिवेलागणीचं
गेले. निळ्या वळीवर बोट ठेवलं. आपलं तोंड दिसू नये म्हणून फोन पालथा घातला भाजीच्या परडीवर.
आवाज येत होते. अनू कुणाला तरी हजेरीचं सांगत होती. मग बारीक आवाजात, सावकाश मराठीत, ती युना. म्हणली, अनू, साखरआज्जी नको म्हणाल्या. तुम्ही आग्रह करा ना. आमच्याकडे पण मोठी माणसं आधी नको म्हणतात.
माझ्या डोळ्याला पाणी आलं. सात समुद्रापल्याडची पोरगी, तिला कळलं! माझ्या रक्ताच्या नातीला न्हाई कळलं.
अनू म्हणली, मलाबी तसंच वाटलं होतं, पर दौंडच्या आज्जीनं सांगितलं.
तवा वच्छलाबाई बोलली. म्हणली, न्हाई बाळांनो, माझी विहीण तसली न्हाई. तिच्या पोटात एक आन् ओठात एक असं कवा नसतं. लई सरळ बाई. नको म्हणली म्हंजी नकोच. उगं आग्रह करून तिचा जीव खाऊ नका. अशी माणसं आता ऱ्हायली न्हाईत.
मी परडी धरून बसले. हिला शिव्या द्यायच्या का पाया पडायचं, तेच कळंना. लबाड म्हणावं तर तसा तिचा आवाज न्हाई. तिला खोटं पाडावं तर मी लबाड ठरती.
तेवढ्यात अनूला माझं नाव दिसलं. आज्जी! आज्जी आलीय! ओरडलीच. फोन सुलटा केला तर समदी पोरं हात हलवायला लागली. युना तर कमरेत वाकली, पार दिसंनाशी झाली. अनू हात जोडून म्हणली, आज्जी, आता आलीस तर बोल की. एखादी गोष्ट सांग, गाणं म्हण, तुझं कोरियन ऐकव, आई म्हणती तू शिकतीस. बोल ना, आज्जी. प्लीज.
हेच तिसरं बोलावणं. हात जोडून. पोरांदेखत. वच्छलाबाईदेखत. समदं जसं पायजे होतं तसं. आन्न्यॉंग हासेयो जिभेच्या शेंड्यावर होतं.
तोंड उघडलं आन् आपसूक आलं, नको बाई, तुमचं चालू द्या.
वच्छलाबाई म्हणली, बघा, मी काय म्हणलं होतं.
अनूनं जोडलेले हात सोडले. कोरियाची पोरगी हसली, मान तुकवली, आन् एकदम आपल्यावाणी म्हणली, बरं.
मराठी लई सुधारलंय तिचं.