हसऱ्या रंगाचा गठ्ठा

राजारामपुरी, कोल्हापूर
बुधवार, भर दुपार

तीर्थरूप बसाप्पाअण्णास,
धाकटी बहीण रत्नव्वाचा शरणार्थ.

तुझं गुडघं कसं हाय? माग चालू हायत का लाईट गेली म्हणून पोरं पत्ते खेळत बसल्यात? वैनींची कंबर बरी हाय का? ह्या सगळ्याचं उत्तर सवडीनं दे, आत्ता दिलंस तर मला ऐकायला वेळ न्हाय. पत्र उभ्यानंच लिहितोय. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर हाय, काना-मात्रा कमी पडल्या तर तुझ्या पदरच्या घाल. फोन का केला न्हाय म्हणशील, तर त्या फोनाचं नावच काढू नको. जे झालंय ते फोनामुळं झालंय. म्हणून हा कागद वडापवाल्या गणपतरावाच्या हातात देतोय, त्यो कबनुरात तुझ्या दारात जीप थांबवील. पत्र वाचून झाल्याशिवाय त्याला चहा विचारू नको (चहा आला की तुझ्या गप्पा सुरू होत्यात आणि कागद बशीखाली जातो).

तर तुझी भाची सौंदर्या. तिनं आमच्या घराखालच्या गाळ्यात कपड्याचं दुकान घातलंय, कापड तुझं आणि शिलाई वैनींची, हे तुला मी सांगायला नको. तिचं म्हणणं असं की वरच्या मजल्यावर क्लासला येणारी पोरं एप्रिलच्या उन्हात जाडजूड जीन आणि काळं टी-शर्ट घालून बसत्यात आणि जिना उतरताना उकडलेल्या रताळ्यासारखी दिसत्यात (हे खरं हाय, मी रोज गॅलरीतनं बघतोय). म्हणून हिचं सुती, ढगळ, अर्ध्या बाह्यांचं शर्ट, खाली नाडीची पँट, काखंत वारं खेळेल असा काप, आणि रंग असं की गल्लीच्या त्या टोकाला उभं राहिलं तरी डोळं दिपावं. मी म्हटलं, तुझ्या आज्ज्यानं जन्मभर हेच घातलं, फकस्त त्याला खिसं कमी होतं. तर म्हणाली, म्हणूनच आज्ज्याला कधी घामोळं आलं न्हाय, अव्वा. तोंड हाय पोरीला, कुणावर गेलीय कोण जाणे.

बरं, कपडं शिवून गप्प बसावं की न्हाय? हिनं रंगांचं बारसं केलंय. गुलाबीला लाजरा म्हणायचं, निळ्याला गार, आणि पिवळ्याला हसरा. मी विचारलं, पिवळ्याला पिवळा म्हटलं तर त्याला राग येतो काय? म्हणाली, पिवळा सगळीकडं मिळतोय, हसरा आपल्याकडंच. गिऱ्हाईक पण तसंच मागायला लागलं. मी तेव्हाच सांगून टाकलं, जीव गेला तरी पिवळ्याला पिवळा आणि गुलाबीला गुलाबीच म्हणणार. आमच्या ह्यांनी तर हे खूळ उन्हाळ्यापुरतंच धरलंय. चाललं तर चाललं, न्हायतर गाळा मोबाईलवाल्याला द्यायचा, असं जेवताना पोरीसमोर बोलून मोकळं झालं. तवापासनं ती पानात निम्मी भाकरी ठेवून उठतीय.

आता पेठेतला कृष्णात. हा क्लासला येतो आणि त्याच्या तालमीच्या फुटबॉल टीमचा कॅप्टन हाय. येत्या रविवारी त्यांची फायनल हाय. तालमीचा रंग पिवळा जर्द. त्यानं सौंदर्याला सांगितलं, सगळ्या पोरांना मैदानाच्या गॅलरीत घालायला हसरं शर्ट पाहिजेत. एवढी मोठी ऑर्डर दुकानाला पहिल्यांदाच. हिनं नाचत तुझ्याकडं फोन लावला आणि म्हणाली, मामी, सगळं शर्ट हसऱ्या रंगाचं शिवून पाठवा. फोनावर कोण होतं? वैनी. वैनींचं माहेर कुठलं? गोकाक. आणि गोकाकच्या कानडी बोलीत हसर म्हंजे काय, ते तुला सांगायची पाळी माझ्यावर यावी? हसर म्हंजे हिरवा. वैनींनी मन लावून शिवलं, काजं-बटणं बघण्यासारखी, माझं त्याबद्दल काही म्हणणं न्हाय. पण अण्णा, ज्यांच्याशी फायनल हाय त्या पल्याडच्या तालमीचा रंग हिरवा हाय.

काल दुपारी गठ्ठा आला तवा कृष्णात आणि त्याची पोरं गाळ्यातच दबा धरून बसलेली. सौंदर्यानं सुतळी कापली. वरचं शर्ट निघालं हिरवं. तिला वाटलं चुकून एखादं आलं. खालचं काढलं, ते हिरवं. त्याच्या खालचं पण. एक पोरगा हळूच म्हणाला, मावशी, आमची चेष्टा करताय काय? दुसरा म्हणाला, पल्याडच्यांनी काय खायला घातलंय ह्यांना? कृष्णातानं एक शर्ट उचलून उजेडात धरलं आणि परत गठ्ठ्यावर ठेवलं, त्याचंच मला भ्या वाटलं. आमचं हे जिन्यात उभं राहून सगळं बघत होतं.

त्यात पल्याडचा जोतीराम रस्त्यानं चाललेला, त्यानं लांबनंच हिरवं बघितलं. (रंग लांबनं दिसावा ही तिचीच हौस.) गाडी उभी करून दोन दोस्तांना घेऊन आत आला आणि म्हणाला, वा, आमचा रंग, सगळं द्या, जागेवर घेतो. जिन्यातनं आमचं हे खाकरलं, म्हंजे दे की. कृष्णाताच्या पोरांनी चपला काढून बाजूला सारल्या. चपला काढल्या म्हंजे काय होणार ते तुला ठाऊक हाय, तू पण तालमीतच वाढलास. आणि तुझी भाची, तोंड पांढरं पडलेलं, पण गठ्ठ्यावर हात ठेवून म्हणाली, पावणं, ही ह्यांच्या मापानं शिवल्यात. ह्यांच्या मापाचं तुमच्या अंगावर मी घालणार न्हाय. दाराशी आलेलं गिऱ्हाईक, अण्णा, सरळ परत लावलं. ह्यांनी जिन्यात कपाळावर हात मारला तो आवाज मी ऐकला.

जोतीराम म्हणाला, मग कुणाला घालणार? आणि पुढं सरकला. कृष्णात पण पुढं सरकला. मधी माझी पोरगी. मी वरचं एक हिरवं शर्ट उचललं आणि लुगड्यावरनं अंगात घातलं. बटणं लावली. म्हटलं, हे मी घालणार. आता हा रंग माझा. ज्याला पाहिजे त्यानं माझ्या अंगावरनं उतरवून न्यावा, बघू कुणाच्यात दम हाय. मग मागनं कुणीतरी फुस्स केलं. जोतीराम म्हणाला, मावशी, तुम्ही सेंटरला खेळणार का गोलकीपर? कृष्णात तोंड फिरवून हसायला लागला आणि दोन्ही पेठांची पोरं माझ्या दारात एकदम खिदळली. हसर म्हंजे हसराच निघाला म्हणायचा. पण हसून झाल्यावर कृष्णात जाताना सांगून गेला, मावशी, रविवारी सकाळी पिवळं पाहिजे. न्हायतर पेठेतलं कुणी ह्या दुकानाची पायरी चढणार न्हाय. त्यो हसत बोलला न्हाय.

सौंदर्या सकाळी भाकरी न खाताच खाली उतरली. दुकान उघडून बसलीय. बाकी सगळं ठीक. वैनींना माझा नमस्कार, आणि मी चिडलो होतो हे त्यांना सांगू नको.

तुझी,
रत्नव्वा

ता. क. मागच्या खेपेचा पिवळा तागा तुझ्या माळ्यावर हाय, संक्रांतीला आलो तवा मी स्वतः बघितलाय. शनिवारपर्यंत शर्ट शिवून व्हायला पाहिजेत. वैनींना ताग्यावर बोट ठेवून दाखव, रंगाचं नाव घेऊ नको.

ता. क. गठ्ठा गणपतरावाकडं देऊ नको, तू स्वतः घेऊन ये, गुडघं दुखू दे न्हायतर राहू दे. ह्यांनी मोबाईलवाल्याला रविवारी घरी बोलावलंय. तू बसलास की हे नमतं घेत्यात, माझं ऐकत न्हायत. ह्या एका कामासाठी एवढा कागद खर्च केलाय. पोरीचं दुकान राहिलं पाहिजे, अण्णा.

ता. क. हिरवी परत नेऊ नको. क्लासच्या पोरी मागायला लागल्यात, पोरींना तालीम नसती. एक मात्र मी ठेवलंय, आत्ता घालूनच लिहितोय. काखंत खरंच वारं खेळतंय, कालपासनं काढावंसंच वाटंना. फकस्त कृष्णाताच्या मापाचं असल्यानं पोटावर वढतंय. वैनींना माझ्या मापाचं एक शिवायला सांग, लाजऱ्या रंगाचं. आणि गोकाकात लाजरा म्हंजे काय होतं ते आधी विचारून घे.