आईची नथ कानाजवळ गेली त्याची हकिकत

शांती नगर, मीरा रोड
रविवार

ती. सुलूताईस,

धाकट्या दत्तारामचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा आणि भावोजींचा खोकला, या दोघांपैकी निदान एकाने तरी माघार घेतली असेल, अशी आशा आहे. आम्ही सगळे बरे आहोत. फक्त मला घरातल्या कॉम्प्युटरला एकट्याने हात लावायची बंदी झाली आहे. का ते सांगतो.

आपल्या आईचा तो एकुलता एक फोटो (ती अंगणात उभी, कडेवर मी, आणि "मला घेतलंच नाही" म्हणून साठ वर्षं तू जो माझ्या तोंडावर मारतेस तोच) ओल लागून काळवंडला. आमची सून रसिका फोटो सुधारायचं काम शिकतेय. तिच्याकडे एक डेमो प्रोग्रॅम आहे. त्यात फोटो घालायचा आणि बाजूच्या पट्ट्या सरकवून त्याचं काय काय होतं ते बघायचं. मी म्हटलं, भाईंदरच्या कारखान्यात तीस वर्षं स्टीलची ताटं पॉलिश केली, एवढासा फोटो उजळायला कितीसा वेळ? मंडळी केबिन रोडला खरेदीला गेली आणि मी बसलो.

पहिली पट्टी सरकवली, आई धुक्यात गेली. दुसरीने तिच्यावर चौकोनी लाद्या बसवल्या. तिसरीवरचं नाव वाचता येईना (चष्मा तुझ्या भावजयीच्या, उर्मिलाच्या पर्समध्ये), म्हणून नुसतीच ओढली, तर आई भोवऱ्यासारखी पिळली गेली आणि नथ कानाजवळ! घाबरून एक बटण दाबलं. आई हिरवी, मी जांभळा. समोरचे कांतीभाई पेपर मागायला आले होते, ते म्हणाले, "दत्ताभाई, ये किसका एक्सरे है?" मी स्क्रीनपुढे हात जोडून "आई, चुकलो गं" म्हणतोय, तोच मंडळी दारात. उर्मिला पिशव्या टाकून ओरडली, "सासूबाईंचं काय केलंत हे!"

रसिका मात्र हसली. म्हणाली, "बाबा, डेमो आहे हा. कितीही खेळा, मूळ फोटो तसाच राहतो. रीसेट दाबा." दाबलं. आई जागच्या जागी.

मग रसिकाला शेजारी बसवून मी एकच पट्टी, अंधार उजळायची, मुंगीच्या पावलाने सरकवली. आईच्या मागचं दार काळंकुट्ट होतं ना? ते राखाडी झालं. आणि ताई, उंबऱ्यात एक मुलगी! दोन वेण्या, तोंडात बोट. मी असा ओरडलो की कांतीभाई पुन्हा आले.

तू आहेस गं फोटोत. छापून सोबत पाठवलाय.

तुझा
दत्ताराम

ता. क. खरं ते सांगायला हवं. रसिका म्हणते, जास्त मोठं केलं की नुसते ठिपके उरतात. ती मुलगी म्हणजे खुंटीवरचं घोंगडंही असू शकेल. तू रागाने ट्रंकेच्या तळाशी ठेवलेली त्याच फोटोची दुसरी प्रत अजून कोरडी असणार, तीत खरं काय ते कळेल. पोस्टाने पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये. घरभरणीनंतर तू आलीच नाहीस.

ता. क. दुसरा. घोंगडं निघालं तरी ये. आई कॅमेऱ्याकडे बघतच नाहीये, मान वळवून दाराकडे बघतेय. हे एकही पट्टी न सरकवता दिसतं. मी आजवर त्या फोटोत फक्त मलाच बघत आलो.